अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा पैसा येतो कुठून?

‘अमेरिकेत सरकारी शाळा फुकट, कारण सगळा खर्च वॉशिंग्टन उचलतं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. फी नसते हे खरंच, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण फेडरल, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारचा वाटा देशभरात सरासरी साधारण १० टक्क्यांच्या आसपासच असतो. बाकीचा भार राज्य आणि स्थानिक पातळी मिळून उचलतात, आणि स्थानिक पैसा मुख्यतः घरपट्टीतून येतो. न्यू जर्सीत घर असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून बघा: शाळेची रक्कम वेगळ्या ओळीत दिसेल. भाडेकरूही भाड्यातून तिला हातभार लावतातच. हवाईचं गणित वेगळं. तिथे अख्ख्या राज्याचा एकच स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे शाळा स्थानिक घरपट्टीवर चालत नाहीत.

फेडरल अनुदानही सरसकट नसतं. १९६५ च्या शिक्षण कायद्यातलं ‘टायटल वन’ हे अनुदान गरीब कुटुंबांतल्या मुलांच्या संख्येवरून, सूत्रानं ठरतं. काही अनुदानांसाठी मात्र डिस्ट्रिक्टला अर्ज करून स्पर्धेत उतरावं लागतं.

खात्री करायची तर आपल्या डिस्ट्रिक्टचं वार्षिक बजेट वेबसाइटवर शोधा. जमेच्या बाजूला स्थानिक, राज्य, फेडरल अशी विभागणी असते. बजेटवर जाहीर सुनावणीही होते. पालकांनी तिथे आवर्जून जावं, प्रश्न विचारावेत.