बायबल प्रशिक्षण, पदवी स्तरावरील

ख्रिस्ती मंडळीत उपदेश करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या व्यक्तींना पवित्र शास्त्राचे वाचन, अर्थनिर्णय व अध्यापन यांचे शिस्तबद्ध शिक्षण देऊन पहिल्या पदवीपर्यंत नेणारा अभ्यासक्रम. शालेय शिक्षण पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्यात प्रवेश मिळतो आणि तीन ते चार वर्षांनी बॅचलर ऑफ थिऑलॉजी, बॅचलर ऑफ बिब्लिकल स्टडीज अशा नावांची पदवी हाती येते. बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी नावाने बॅचलरची असली, तरी पुष्कळ ठिकाणी ती आधीच एखादी पदवी घेतलेल्यांसाठी असते. म्हणून या नोंदीत तिचा विचार केलेला नाही. हे शिक्षण देणाऱ्या संस्थेला सामान्यतः बायबल कॉलेज म्हणतात. सेमिनरी हे नाव बहुधा पदव्युत्तर किंवा धर्मगुरुपदासाठीच्या शिक्षणसंस्थेला लावले जाते, पण ही विभागणी सर्वत्र काटेकोरपणे पाळली जात नाही.

अशा शिक्षणाची गरज बायबलमध्येच नमूद आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात शास्त्री एज्रा लोकांसमोर नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या वंशातील लोक, त्याचा अर्थ उलगडून सांगतात. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:२) मिळालेली शिकवण अशा विश्वासू माणसांच्या स्वाधीन करण्यास सांगितले आहे, की जी ती इतरांनाही शिकवू शकतील. याकोबाचे पत्र (३:१) मात्र पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असे बजावते. शिकवणाऱ्यांची संख्या वाढवणे आणि शिकवण्याची जबाबदारी हलकी न होऊ देणे ही दोन्ही उद्दिष्टे या अभ्यासक्रमाला एकाच वेळी सांभाळावी लागतात, आणि त्याच्या इतिहासातील बहुतेक वाद या दोहोंच्या ओढाताणीतूनच उभे राहिलेले दिसतात.

आरंभीच्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील धर्मशिक्षणाच्या शाळेत क्लेमेंट आणि ओरिजेन यांनी अध्यापन केले. मध्ययुगात मठ, कॅथीड्रलच्या शाळा आणि पुढे विद्यापीठे ही धर्मशिक्षणाची केंद्रे होती. सामान्य पाळकापर्यंत मात्र त्यांचा लाभ क्वचितच पोहोचे. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट व कॅथलिक अशा दोन्ही बाजूंनी या उणिवेवर उपाय शोधले गेले. झ्युरिकमध्ये १५२५ पासून प्रॉटेस्टंट धर्मसुधारक झ्विंग्लीच्या पुढाकाराने पाळक व विद्यार्थी एकत्र बसून जुन्या कराराचा एकेक उतारा लॅटिन, हिब्रू आणि ग्रीक पाठांतून तपासत, आणि त्या चर्चेतून निघालेला अर्थ लगेच जर्मन भाषेत लोकांपुढे मांडला जाई. अभ्यासाचे टेबल आणि उपदेशाचे व्यासपीठ इतके जवळ आणणारी व्यवस्था नंतरच्या काळात फार थोड्या ठिकाणी साधली. जिनिव्हात १५५९ मध्ये धर्मसुधारक कॅल्व्हिनची अकादमी सुरू झाली. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी असा ठराव केला आणि कॅथलिक धर्मगुरूंच्या शिक्षणाला कायमची चौकट दिली.

आजच्या बायबल कॉलेजचे थेट मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. विद्यापीठीय धर्मशिक्षणासाठी अभिजात भाषांची तयारी, दीर्घ मुदत आणि पैसा लागे. त्याच वेळी औद्योगिक शहरांतील वस्त्या, संडे स्कूल (रविवारी बायबल शिकवणारे वर्ग) व परदेशांतील मिशनकार्य यांना मोठ्या संख्येने कार्यकर्ते हवे होते. लंडनमध्ये बाप्टिस्ट उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी १८५६ मध्ये पाळकांसाठी कॉलेज काढले. स्वतः विद्यापीठाची पदवी नसलेल्या स्पर्जन यांनी आधीपासून उपदेश करत असलेल्या, पण साधने नसलेल्या तरुणांना तेथे जागा दिली. अमेरिकेत ए. बी. सिम्प्सन यांची न्यूयॉर्कमधील मिशनरी प्रशिक्षण संस्था १८८२ मध्ये आणि डी. एल. मूडी यांची शिकागोतील संस्था १८८६ मध्ये अस्तित्वात आली. शिकागोतील संस्थेची पायाभरणी एमा ड्रायर यांच्या बायबलकार्याने झाली होती. सेमिनरीची दारे स्त्रियांना बहुतांशी बंद असताना बायबल संस्थांमधून त्या मोठ्या संख्येने शिकल्या, ही बाब या चळवळीच्या इतिहासात जितकी ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही. या संस्था सुरुवातीला पदवी देत नसत. उत्तर अमेरिकेत १९४७ मध्ये बायबल कॉलेजांना मान्यता देणारी संघटना स्थापन झाली आणि प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमांचे पदवी अभ्यासक्रमांत रूपांतर होण्याचा वेग वाढला. भारतात विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेल्या सेरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि त्याची सिनेट आजही अनेक संलग्न महाविद्यालयांच्या धर्मशास्त्रीय पदव्या देते.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे बायबलचे प्रत्यक्ष वाचन. प्रॉटेस्टंट परंपरेत जुन्या करारातील ३९ व नव्या करारातील २७ अशी ६६ पुस्तके, तर कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके अभ्यासाला असतात. पहिल्या वर्षी सर्व पुस्तकांचा धावता परिचय होतो. पुढील वर्षांत यशया, स्तोत्रसंहिता, एखादे शुभवर्तमान, रोमकरांस पत्र अशी निवडक पुस्तके ओळीने अभ्यासली जातात. त्यांच्या जोडीला बायबलकालीन इतिहास व भूगोल, ख्रिस्ती सिद्धान्त, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र आणि पाळकीय सेवा हे विषय असतात. बायबलविषयीची पुस्तके वाचण्यात बायबल वाचायचे राहून जाणे हा या शिक्षणातला नेहमीचा धोका आहे. म्हणूनच पदवी मिळेपर्यंत संपूर्ण बायबल किमान एकदा सलग वाचून झालेच पाहिजे असा नियम करणाऱ्या संस्था शहाणपणाने वागतात.

अर्थनिर्णयाच्या तासाला काय घडते, हे एका उताऱ्यावरून दिसेल. यिर्मया २९:११ हे वचन, म्हणजे परमेश्वराच्या मनात आपल्या लोकांविषयी हिताचे संकल्प आहेत आणि तो त्यांना आशेचा भावी काळ देणार आहे हे आश्वासन, उपदेशांत वारंवार येते व बहुधा एकट्या व्यक्तीच्या नजीकच्या यशाला जोडले जाते. विद्यार्थ्याला आधी अध्यायाच्या पहिल्या ओळीपाशी नेले जाते: हे यरुशलेमहून बाबेलमधील बंदिवानांना धाडलेले पत्र आहे. त्यात घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, असे सांगितले आहे. दहावे वचन सत्तर वर्षांची मुदत सांगते. मागच्या अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोनच वर्षांत सुटका होईल असे सांगितले होते आणि यिर्मयाने त्याला खोटे ठरवले होते. हे सारे वाचल्यावर अकरावे वचन पोकळ होत नाही; उलट, पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना सुटकेचा दिवस दिसणार नव्हता आणि तरीही त्यांना आशेने जगायला सांगितले होते, हे ध्यानात येऊन त्याचे वजन वाढते. आजच्या ऐकणाऱ्याला ते कसे लागू होते, हा प्रश्न त्यानंतरच विचारायचा असतो. लेखनप्रकार, संदर्भ, मूळ वाचक आणि संपूर्ण बायबलच्या प्रवाहातील उताऱ्याची जागा हे टप्पे याच क्रमाने अंगवळणी पाडले जातात.

मूळ भाषांबाबत संस्थांमध्ये एकवाक्यता नाही. काही ठिकाणी नव्या कराराची ग्रीक भाषा वर्ष-दोन वर्षे सक्तीची असते आणि हिब्रू ऐच्छिक. काही ठिकाणी दोन्ही भाषा पदव्युत्तर टप्प्यावर सोडल्या जातात. थोडीशी ग्रीक शिकलेला विद्यार्थी शब्दकोशाच्या बळावर व्यासपीठावरून भलते निष्कर्ष काढतो, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय भाषा अधिक नीट शिकवणे हा आहे, ती वगळणे नव्हे.

उपदेशक आणि शिक्षक यांचे प्रशिक्षण एका टप्प्यापर्यंत एकत्र चालते व मग वेगळे होते. उपदेशकाला प्रवचनशास्त्राच्या वर्गात उताऱ्यातून एकच मुख्य विधान शोधून त्याभोवती संदेश बांधायला शिकवले जाते; उताऱ्याच्या ओघाने जाणारा व्याख्यात्मक संदेश आणि विषयानुसार रचलेला संदेश हे दोन्ही प्रकार त्याला तयार करावे लागतात. प्रात्यक्षिकात तो सहाध्यायांसमोर ठरलेल्या वेळेत संदेश देतो, आणि ऐकणाऱ्यांना मुख्य विधान स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायला सांगितले जाते. प्रत्येकाने वेगळेच काही लिहिले असेल, तर संदेश कुठे विस्कटला ते बोलणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. शिक्षकाला मात्र प्रश्न विचारता येणे, वयोगटाप्रमाणे पाठ आखणे आणि एकच पुस्तक कित्येक आठवडे पुढे नेणे यांचा सराव हवा असतो. संडे स्कूल, बाप्तिस्म्याची तयारी करणारे वर्ग आणि घरगुती अभ्यासगट ही त्याची क्षेत्रे होत. अनेक अभ्यासक्रमांत शिकवण्याच्या पद्धतींना प्रवचनापेक्षा कमी तास मिळतात, हा असमतोल मंडळीला महाग पडतो, कारण बहुतेक श्रद्धावंतांचे बायबलचे पहिले शिक्षण अशा वर्गांतच होते.

वर्गाबाहेरचे काम हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला जातो. विद्यार्थ्याने आठवड्याच्या शेवटी एखाद्या मंडळीत अनुभवी पाळकाच्या हाताखाली सेवा करावी, इस्पितळात वा तुरुंगात भेटी द्याव्यात आणि त्याचा अहवाल लिहावा, अशी अपेक्षा असते. वागणूक, प्रार्थनाजीवन आणि पैशाच्या व्यवहारातील चोखपणा यांवर अध्यापकांचे लक्ष असते. पदवी मिळाली म्हणजे पाळकपद मिळाले असे मात्र होत नाही. दीक्षा देण्याचा निर्णय ज्या त्या मंडळीचा असतो, आणि काही पंथ त्यासाठी पदव्युत्तर शिक्षणही आवश्यक मानतात.

निवासी शिक्षणाची मर्यादा विसाव्या शतकाच्या मध्यास उघड झाली. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या असे लक्षात आले, की ग्रामीण मंडळ्यांचे खरे पुढारी संसारी व वयाने मोठे असल्याने वसतिगृहात येऊ शकत नाहीत, आणि जे तरुण येतात त्यांतील बरेच परत खेड्यात जात नाहीत. १९६३ मध्ये तिने विस्तार पद्धती सुरू केली: विद्यार्थी घरी स्वाध्याय करी, स्थानिक केंद्रावर नियमित गटचर्चा होई आणि शिक्षक तेथे प्रवास करून येत. राल्फ विंटर, जेम्स एमरी व रॉस किन्सलर यांच्या प्रयत्नांतून ही पद्धत आशिया व आफ्रिकेतही पसरली, आणि आजचे ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम तिच्याच वाटेने पुढे गेले आहेत. त्यांत वाचनसामग्री सहज पोहोचते. गटचर्चा आणि अनुभवी पाळकाची देखरेख यांची सोय मात्र प्रत्येक केंद्राला स्थानिक मंडळीच्या मदतीने स्वतंत्रपणे करावी लागते.