‘ट्राय!’ का रुखा वाटतो?

‘ट्राय!’ हा अमेरिकन गायक-गिटारवादक जॉन मेयरचा अल्बम. मेयर हे नाव २००५ साली उच्चारलं की लोकांना हळुवार प्रेमगीतं आठवायची. ‘युवर बॉडी इज अ वंडरलँड’ला २००३ मध्ये ग्रॅमी मिळालं होतं, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ‘डॉटर्स’ वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं. पण त्याच्या महिनाभर आधी, हिंदी महासागरातल्या त्सुनामीग्रस्तांसाठी अमेरिकन टीव्हीवर झालेल्या मदतनिधी कार्यक्रमात हाच माणूस इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा होता. सोबत फक्त दोघं: ड्रम्सवर स्टीव्ह जॉर्डन, बास गिटारवर पिनो पॅलाडिनो.

ही हौस अचानक उपटलेली नव्हती. कनेटिकटमध्ये वाढलेल्या मेयरला शाळकरी वयात शेजाऱ्यानं गिटारवादक स्टीव्ही रे वॉनची कॅसेट दिली आणि पोरगं ब्लूजमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आर्त गाण्यांत, बुडालं ते कायमचं. पुढे रेकॉर्ड खपली ती पॉपची, हा भाग वेगळा.

या ब्लूजसाठी त्यानं निवडली तिघांची मंडळी. क्रीम हा बँड, जिमी हेंड्रिक्स, वॉनचा बँड डबल ट्रबल, सगळ्यांनी याच साच्यात नाव कमावलं. कीबोर्ड नाही, दुसरी गिटार नाही. गायकानं ओळ म्हणायची, पुढची जागा गिटारनं भरायची, म्हणजे आपल्याकडचा सवाल-जवाबच. ब्लूजच्या बारा बारच्या, म्हणजे तालाच्या बारा खंडांच्या, आवर्तनात सवालही तुमचा आणि जवाबही तुमचाच. आवाज कमी पडला तर झाकायला कुणी नाही.

‘ट्राय!’ हा लाइव्ह अल्बम २२ नोव्हेंबर २००५ ला आला आणि नेमका तिथेच अडखळला. बोटं तयार आहेत, याबद्दल वादच नाही. पण मेयरचा गळा कुजबुजणारा, कानाशी बोलणारा. रे चार्ल्सचं ‘आय गॉट अ वूमन’ घ्या. १९५४ च्या मूळ गाण्यात चर्चमधली आर्त हाक आहे. इथे ते घोटून गुळगुळीत होतं, आणि गिटारचा सोलो मात्र लांबत जातो. ‘आउट ऑफ माय माइंड’ हा तर अस्सल संथ ब्लूज. त्यात गिटार रडते, पण गाणारा रडत नाही. मला सगळ्यात खटकतं ते शेवटाकडे आलेलं ‘डॉटर्स’. पहिलंच गाणं ‘हू डिड यू थिंक आय वॉज’, म्हणजे ‘मी कोण वाटलो होतो तुम्हाला?’ असं ठणकावून विचारायचं, आणि जाता जाता ओळखीच्या गाण्याचा आधार घ्यायचा! अल्बमला रॉक विभागात ग्रॅमी नामांकन मिळालं, पुरस्कार रेड हॉट चिली पेपर्सकडे गेला.

तरी दोन गाणी इथेच रुजली, ‘ग्रॅव्हिटी’ आणि ‘व्हल्चर्स’. सप्टेंबर २००६ च्या ‘कंटिन्युअम’मध्ये ती स्टुडिओतून आली, तेव्हा मेयरसोबत निर्मिती स्टीव्ह जॉर्डनचीच होती. बासवरही पॅलाडिनोच. माणसं तीच, पण ‘ग्रॅव्हिटी’त आता गिटार दोन सूर वाजवून थांबते, आणि त्या थांबण्यात मेयरचा तो बारीक आवाज स्वच्छ ऐकू येतो.

डिसेंबर २००७ मध्ये लॉस एंजेलिसला त्यानं एकाच रात्री तीन भागांत कार्यक्रम केला: आधी अकूस्टिक, मग हे तिघं, शेवटी पूर्ण बँड. त्या रात्रीच्या ‘ग्रॅव्हिटी’ला २००९ मध्ये ग्रॅमी मिळालं. ते तिघांच्या भागातलं नव्हतं, पूर्ण बँडसोबतचं होतं.