ॲल्युमिनियम वेल्डिंगची तार आणि तिच्या धोक्यांचा इतिहास

ॲल्युमिनियमच्या वेल्डिंग तारेचे सुरक्षा-पत्रक उघडले की सुरुवातीलाच एक दिलासा मिळतो: आहे त्या रूपात हा माल धोकादायक नाही. हे खरेच आहे. रिळावर गुंडाळलेली तार पेट घेत नाही, तिला वास नाही, हात लावल्याने काही होत नाही. पण पाने उलटत गेले की ओझोन, अतिनील किरणे, बेरिलियम, फॉस्जीन, हायड्रोजन, धुळीचा स्फोट अशी नावे येऊ लागतात. एका साध्या तारेच्या मागे एवढी मोठी यादी कुठून लागली? ती एकदम लिहिली गेलेली नाही. ॲल्युमिनियम जोडण्याची रीत जसजशी बदलली, तसतसा एक धोका मागे पडला आणि त्याच्या जागी दुसरा आला. त्या बदलांचा माग काढला तर पत्रकातली प्रत्येक ओळ तिथे का आहे, हे कळते.

सगळ्याचे मूळ एका पातळ थरात आहे. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर क्षणात ऑक्साइडचे कवच चढते. धातू वितळतो ६६० अंश सेल्सिअसला. हे कवच वितळायला २००० अंशांहून जास्त तापमान लागते. म्हणजे आतला धातू पाणी झालेला असतो आणि वरचे कातडे तसेच घट्ट राहते. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना माहीत नसताना, विजेने ॲल्युमिनियम मिळवण्याची पद्धत शोधली. धातू स्वस्त झाला, वापर वाढला. जोडायचा कसा, हा प्रश्न मात्र उरलाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे उत्तर फ्लक्सने दिले. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांची क्लोराइडे आणि सोबत फ्लोराइडे अशी भुकटी पाण्यात कालवून सांध्यावर आणि हातातल्या कांडीवर लावायची, मग गॅसच्या ज्योतीने तापवायचे. हे क्षार कवच विरघळवतात आणि धातूला धातू मिळतो. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागे. तापलेल्या फ्लोराइडांचा धूर नाक, घसा आणि फुप्फुसांना झोंबे. शिवाय सांध्यात राहिलेला फ्लक्स हवेतले पाणी ओढून घेई आणि ॲल्युमिनियम कुरतडू लागे. म्हणून काम झाल्यावर तो गरम पाण्याने आणि पातळ आम्लाने धुऊन काढावा लागे. जोडणीच्या शेजारीच आम्लाच्या टाक्या आल्या, आणि त्यांच्यासोबत हात भाजण्याचे प्रसंगही.

हे चित्र बदलले विमानांमुळे. नॉर्थ्रॉप एअरक्राफ्ट कंपनीला मॅग्नेशियमच्या भागांचे विमान बांधायचे होते. मॅग्नेशियम हवेत पेटते, त्यामुळे नेहमीच्या वेल्डिंगला ते दाद देत नव्हते. तिथल्या रसेल मेरिडिथने १९४१ च्या सुमारास टंगस्टनची टोकदार कांडी आणि तिच्याभोवती हेलियम वायूचा झोत अशी टॉर्च बनवली आणि १९४२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. हेलियार्क हे तिचे नाव. तीच आजची टिग पद्धत. हवाच जवळ येऊ दिली नाही तर फ्लक्सची गरज उरत नाही, हे ॲल्युमिनियमलाही लागू पडले. १९४८ मध्ये बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये, एअर रिडक्शन कंपनीच्या पैशावर, पुढचा टप्पा गाठला गेला: टंगस्टनऐवजी खुद्द वितळणारी तारच सतत पुढे सरकवायची. ही मिग पद्धत पहिल्यांदा ॲल्युमिनियमसाठीच वापरात आली. ‘वेल्डिंगची तार’ म्हणून आज जे रीळ यंत्रावर चढते, ते तेव्हापासूनचे.

फ्लक्स गेला, आम्लाची टाकी गेली, चरचरणारा धूरही बराच कमी झाला. काम स्वच्छ दिसू लागले. या पूर्ण इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच जागा, कारण डोळ्यांना दिसणारा धोका जाऊन न दिसणारा धोका इथे आला.

आर्गॉन हाही हेलियमसारखाच निष्क्रिय वायू. त्याच्या आवरणातला ॲल्युमिनियमचा आर्क, म्हणजे कांडी किंवा तार आणि काम यांच्यामधली विजेची ज्योत, फार प्रखर असतो आणि त्यात लघु तरंगलांबीचे अतिनील किरण भरपूर असतात. ते आसपासच्या हवेतल्या ऑक्सिजनचे रेणू फोडतात आणि त्यातून ओझोन बनतो. हा वायू आर्कच्या अगदी जवळच बनतो असे नाही. किरण पोहोचतील तिथे, म्हणजे आवरणाबाहेरही बनतो. ओझोन फुप्फुसांच्या नाजूक अस्तराला लागतो: घसा कोरडा पडणे, छातीत जळजळ, खोकला, आणि मात्रा जास्त झाली तर काही तासांनी फुप्फुसात पाणी. १९५७ आणि १९५८ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या नव्या वेल्डिंगच्या ठिकाणच्या आरोग्य तपासण्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा ओझोनचे नाव पुढे आले. म्हणजे मिग बाजारात आल्यावर दहा वर्षांच्या आत. तरीही आज अनेक ठिकाणी धूर दिसत नाही म्हणून हवा चांगली आहे असे धरून चालतात.

तारेच्या निवडीचाही इथे संबंध येतो. ॲल्युमिनियमसाठी दोन तारा सर्वाधिक चालतात: ४०४३, जिच्यात सुमारे ५ टक्के सिलिकॉन असते, आणि ५३५६, जिच्यात सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम. मॅग्नेशियम लवकर वाफ होते, म्हणून ५३५६ ने काम केले की सांध्याच्या कडेला काळी काजळी बसते आणि धूर जास्त दिसतो. ४०४३ चे काम नीटस, चकचकीत. पण ओझोन सिलिकॉनच्या तारेने जास्त तयार होतो. धुराचे कण काही किरण अडवतात आणि ओझोनही मोडतात, त्यामुळे धूर कमी तिथे ओझोनला मोकळे रान मिळते. जी तार डोळ्यांना सौम्य वाटते, तीच फुप्फुसांना जास्त त्रास देऊ शकते, हे समजायला वेळ लागतो. कण अडवणारा साधा मुखपट्टा ओझोनला अडवत नाही, हेही लक्षात ठेवावे. स्वीडनच्या आगा कंपनीने यावर एक उपाय काढला होता: आर्गॉनमध्ये सुमारे ०.०३ टक्के नायट्रिक ऑक्साइड मिसळायचा. तो ओझोनशी अभिक्रिया करून त्याची मात्रा घटवतो.

ज्या किरणांनी ओझोन होतो, त्यांनीच डोळे आणि कातडी भाजते. ॲल्युमिनियमचा पत्रा किरण परतवतो, त्यामुळे समोरून हेल्मेट बरोबर असले तरी हनुवटीखाली, गळ्याशी, मनगटाच्या उघड्या पट्टीवर चटका बसतो. डोळ्यांचा त्रास तर त्या वेळी कळतच नाही. काम संपते, काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते आणि पाणी थांबत नाही. दुसरी गोष्ट अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. पोलाद तापले की लाल होते आणि हात आपोआप मागे येतो. ॲल्युमिनियम वितळण्याच्या बेतात आला तरी उजेडात त्याचा रंग बदललेला दिसत नाही. टॉर्च बाजूला ठेवल्यावर पाच मिनिटांनी पडलेला तुकडा थंड दिसतो, आणि तो उचलायला गेलेल्या हाताचे कातडे तिथेच चिकटते. म्हणून नुकत्याच केलेल्या कामावर खडूने ‘गरम’ लिहून ठेवण्याची रीत आहे. ती फार साधी आहे आणि तितकीच उपयोगी.

बेरिलियमची कथा वेगळ्या दिशेने येते. मॅग्नेशियम असलेल्या मिश्रधातूत अगदी थोडे बेरिलियम टाकले तर वितळताना मॅग्नेशियम कमी जळते. त्यामुळे तारेत त्याचा अंश राहत आला. पण १९४६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये हॅरिएट हार्डी आणि इर्व्हिंग टॅबरशॉ यांनी फ्लुओरेसंट दिव्यांच्या कामगारांत बेरिलियममुळे होणारा फुप्फुसाचा विकार वर्णिला होता. हाच टॅबरशॉ १९५७ च्या वायुसंरक्षित वेल्डिंगवरील अभ्यासातही सहलेखक आहे. बेरिलियमने ज्याच्या शरीरात संवेदनशीलता जागवली, त्याला अत्यल्प मात्राही पुरते, आणि आजार वर्षानुवर्षांनी प्रकट होऊ शकतो. म्हणून तारांच्या मानकांत बेरिलियमची कमाल मर्यादा आधी ०.०००८ टक्के होती, ती आता ०.०००३ टक्के आहे. आकडा अगदी लहान आहे आणि वाचताना सहज निसटतो, पण पत्रक वाचताना तो आधी शोधावा.

आता स्वतः ॲल्युमिनियमकडे येऊ. हा धातू निरुपद्रवी आहे हा समज फार खोल रुजला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत स्फोटके आणि रंगासाठी ॲल्युमिनियमची भुकटी कुटणाऱ्या कामगारांत फुप्फुसे आकसण्याचा विकार दिसला. भुकटीवर लावायच्या चरबीच्या जागी खनिज तेल वापरले गेल्यावर कण जास्त घातक ठरले. त्याच सुमारास कॅनडात अगदी उलट घडत होते. ऑंटारियोतल्या मॅकिन्टायर सोन्याच्या खाणीतून एक कल्पना निघाली: कामगारांनी पाळीआधी ॲल्युमिनियमची बारीक पूड श्वासातून घेतली, तर ती गारगोटीच्या धुळीला वेढेल आणि त्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार टळेल. १९४३ ते १९७९ या काळात कपडे बदलण्याच्या बंद खोलीत ही काळी पूड सोडली जाई आणि कामगार ती आत घेत. इतर देशांतल्या खाणींतही ही रीत गेली. नंतरच्या तपासणीत या कामगारांत पार्किन्सन आजाराचे प्रमाण जास्त आढळले आणि २०२२ मध्ये ऑंटारियोने तो त्यांच्यासाठी व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. ज्यांना औषध म्हणून धूळ दिली, त्यांची ही गोष्ट वाचताना राग येतो, आणि यावाच.

वेल्डरच्या बाबतीत चित्र इतके ठळक नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये ॲल्युमिनियम वेल्डरांच्या लघवीतले ॲल्युमिनियम मोजले गेले. थोडे दिवस काम केलेल्यांच्या शरीरातून ते काही दिवसांत निम्मे होते. दहा वर्षांहून जास्त काम केलेल्यांत त्याला सहा महिने किंवा अधिक लागतात. फिनलंडच्या २००० सालच्या अभ्यासात जास्त संपर्क असलेल्यांच्या एकाग्रतेवर आणि स्मरणावर परिणाम दिसला. जर्मनीच्या नंतरच्या अभ्यासांत तसे आढळले नाही. वाद मिटलेला नाही, पण अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने २००८ मध्ये श्वासात जाऊ शकणाऱ्या ॲल्युमिनियमची शिफारस केलेली मर्यादा प्रति घनमीटर १ मिलिग्रॅमवर आणली. वेल्डिंगच्या धुरासाठी पूर्वीचा आकडा ५ होता.

तारेच्या हाताळणीचे धोके त्या मानाने थोडक्यात सांगता येतात. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन घट्ट धातूपेक्षा सुमारे वीसपट विरघळतो. धातू थिजताना तो बाहेर पडतो आणि सांध्यात बारीक छिद्रे राहतात. हायड्रोजन येतो ओलाव्यातून आणि तेलकटपणातून. म्हणून रीळ बंद पिशवीत, कोरड्या जागी ठेवतात, आणि थंड गोदामातून आणलेले रीळ लगेच उघडत नाहीत, नाहीतर त्यावर दव धरते. पूर्वी तेल काढायला ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनयुक्त द्रावणे वापरत. त्यांची वाफ आर्कच्या किरणांखाली फुटून फॉस्जीन हा विषारी वायू होतो, आणि त्याचा परिणाम काही तासांनी उमटतो. ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यातही अशी द्रावणे असू शकतात. तार मऊ असल्याने रोलरपाशी तिचा गुंता होतो. तो सोडवताना यंत्र बंद हवे, कारण ट्रिगर दाबताच तार, रीळ आणि रोलर सगळे विजेच्या प्रवाहात येतात. नळीतून बाहेर आलेले तारेचे टोक हातात आरपार जाते, म्हणून टॉर्च स्वतःकडे वळवून टोक पाहायचे नाही.

घासकामाची धूळ हा आणखी एक अध्याय. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधल्या कुनशान इथे चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला. मृतांचा आकडा शेवटी १४६ वर गेला. ओल्या धुळीतून हायड्रोजन निघतो, आणि पोलाद घासलेल्या यंत्रावरच ॲल्युमिनियम घासले तर गंज आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र येऊन थर्माइटसारखी, म्हणजे धातू वितळवण्याइतकी प्रखर, आग लागू शकते. दोघांची यंत्रे आणि धूळ गोळा करण्याची व्यवस्था वेगळी असावी ती याचसाठी.

२०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण, दोन्ही मानवात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने बजावले की इमारतीच्या आत केलेल्या वेल्डिंगसाठी, काम कितीही थोडे असो, धूर जागीच खेचणारी व्यवस्था हवी. दारे-खिडक्या उघड्या ठेवणे पुरेसे नाही. ॲल्युमिनियमच्या बाबतीत इथे एक तिढा आहे. खेचणारी नळी आर्कच्या फार जवळ आली किंवा जोरात ओढू लागली, तर ती धुरासोबत आर्गॉनही ओढून नेते, हवा आत शिरते आणि सांधा छिद्रांनी भरतो. मग वेल्डर नळी लांब सारतो किंवा पंखा मंद करतो, आणि तपासणीत सांधा पास होतो. यावर खेच मोजून बसवता येते, नळीचे तोंड मोठे ठेवता येते, आणि हेल्मेटमध्ये शुद्ध हवा सोडणारा पंखाही मिळतो. ही व्यवस्था कुठे नाही असे दिसले, तर वेल्डरने आणि त्याच्या मुकादमाने ती मागून घ्यावी.