पहिली लीग दुसरी झाली ती कशी

भुसावळच्या मैदानावर सकाळी सहाला पोरं फुटबॉलला जमतात, तेव्हा आदल्या दिवशी मारलेली चुन्याची रेघ अर्धी पुसलेली असते. माती काळी. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की टप्पा घेतलेला बॉल कुठे उसळेल याचा नेम नसतो. म्हणून इथली पोरं बॉल खाली पडायच्या आतच छातीवर नाहीतर मांडीवर घ्यायला शिकतात. एकदा सराव संपल्यावर बूट सोडता सोडता नववीतल्या एकाने विचारलं, "भाऊ, आपल्याकडचा कोन्ही गेला का आयएसएलमध्ये?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "अरे, आयएसएल पहिली. आधी दुसरीत तर जाशील!" आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊ, दुसरी कोणती?"

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची. दुसरी म्हणजे आय-लीग. एवढं सांगून मी थांबलो, पण ते उत्तर अपुरं होतं. बहुतेक देशांत आधी वरची लीग उभी राहते आणि मग तिच्याखाली दुसरी बांधली जाते. आपल्याकडे पहिली लीग जिथल्या तिथे होती, तिच्या डोक्यावर नवी लीग आणून बसवली आणि जुनी आपोआप दुसरी झाली. ही उलथापालथ समजल्याशिवाय आपल्या जिल्ह्यातल्या पोराची वाट कुठून कुठे जाते हे सांगता येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लीग येण्याआधी आपलं फुटबॉल चषकांवर जगत होतं. ड्युरँड चषक १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झाला, रोव्हर्स चषक १८९१ मध्ये मुंबईत, आयएफए शील्ड १८९३ मध्ये कलकत्त्यात. रोव्हर्सचे सामने मुंबईच्या कूपरेज मैदानावर व्हायचे. हावड्याहून मुंबईला येणारे रेल्वेचे दोन्ही जुने मार्ग, नागपूरवरून येणारा आणि अलाहाबाद-जबलपूरवरून येणारा, भुसावळलाच एकत्र येतात. त्यामुळे कलकत्त्याचे संघ रेल्वेने कूपरेजला निघाले की आमचं जंक्शन त्यांना चुकायचं नाही. आणि रेल्वेचं गाव म्हटल्यावर फुटबॉलचा अर्थही ठरलेला होता. चांगला खेळला तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. ते स्वप्न लहान नव्हतं. १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार असलेले पी. के. बॅनर्जी याच ईस्टर्न रेल्वेचे. साठच्या दशकात रेल्वेच्या संघाने संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धाही तीनदा जिंकली. खेळ आणि पगार एकाच दारातून येत होता.

डिसेंबर १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर महिनोन्‌महिने चालणारी देशपातळीवरची ही पहिली लीग. पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने नेलं. पुढच्या मोसमापासून तिच्याखाली दुसरा विभागही आला. म्हणजे भारताची खरी, मुळातली दुसरी लीग ती. पण या साऱ्या डोलाऱ्यात मोठा वाटा कंपन्यांच्या संघांचा होता. जेसीटी कापडगिरणीवाल्यांचा, महिंद्रा गाड्यांचा, एअर इंडिया आणि ओएनजीसी सरकारी. कंपनीच्या मनात आलं तर संघ, नाही आलं तर नाही. २००५-०६ ची लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जेसीटी. देशाचे माजी विजेते एकामागून एक मिटले, तरी वरच्यांना घाम फुटला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच लीगचं नाव बदलून आय-लीग झालं. दहा संघ, पहिला विजेता गोव्याचा डेम्पो. पुढच्या वर्षापासून तिच्याखाली नव्याने दुसरा विभाग लागला आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने हीच वर्षं बरी होती. मुंबई एफसी २००८ मध्ये त्या विभागातून वर आला, २००९ मध्ये पुणे एफसी. खालून खेळत खेळत वर जाणारे आपले संघ दिसत होते. पुण्याने २०१२-१३ मध्ये तर दुसरा क्रमांक मिळवला. त्याच मोसमानंतर एअर इंडिया आणि ओएनजीसी क्लब परवान्याच्या निकषांत बसत नाहीत म्हणून बाहेर गेले. आशियाई फुटबॉल महासंघाला नोकरदारांचे संघ नको होते, स्वतंत्र हिशेब आणि युवा संघ असलेले क्लब हवे होते. नियम म्हणून ते बरोबर असेल. पण नोकरीसाठी खेळायचं ही आमच्या बापजाद्यांची वाट त्या दिवशी लीगपुरती बंद झाली.

खरी कलाटणी त्याआधीच मिळाली होती. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, सातशे कोटींचा करार केला. खेळाचे व्यापारी हक्क त्यांच्याकडे गेले आणि त्यातून ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. आठ शहरं, आठ फ्रँचायझी, परदेशातले नावाजलेले जुने खेळाडू, रात्री दिव्यांच्या झोतात भरलेली मैदानं. मीही टीव्हीसमोर हरखून बसलो होतो. पण या लीगला खालून दार नव्हतं. पैसे भरून आत यायचं, आणि एकदा आलं की हरलं तरी खाली जायचं नाही.

काही वर्षं दोन्ही लीग शेजारी शेजारी चालल्या. कागदावर आय-लीग मोठी, पैसा आणि झगमगाट सगळा आयएसएलकडे. या ओढाताणीत जुने क्लब दमले. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे तीन क्लब पुढचा मार्ग दिसत नाही म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले.

आणि नेमकं त्याच वर्षी ऐजॉलचं घडलं. पोरांना मी हा मोसम पुन्हा पुन्हा सांगतो. मिझोरमचा ऐजॉल एफसी २०१५-१६ मध्ये खालच्या विभागात घसरला होता. गोव्याचे संघ गेल्याने जागा रिकाम्या पडल्या, म्हणून त्याला परत घेतलं. प्रशिक्षक होते खालिद जमील. त्यांनी अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळला होता, पण २०१६ मध्ये तिथून त्यांना जावं लागलं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये शेवटचा सामना, तिथल्याच लाजाँग संघाशी. विजेतेपदाला बरोबरी पुरणार होती. लाजाँगने आधी गोल केला, ऐजॉलने फेडला, १-१. ऐजॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय विजेता. आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला, घसरला आणि नंतर बंदच झाला. तेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

पण विजेतेपद जिंकून ऐजॉल कुठे गेला? कुठेच नाही. वर जायला जिनाच नव्हता. बेंगळुरू एफसी २०१७ मध्ये बोली लावून आयएसएलमध्ये गेला. ऐजॉलसारख्या क्लबला ते शक्य नव्हतं. त्याच वर्षी आशियाई महासंघाने आयएसएललाही मान्यता दिली. मग मिनर्व्हा पंजाब जिंकला, त्यानंतर चेन्नई सिटी. दुसऱ्या विभागातून चढून रिअल काश्मीर २०१८-१९ मध्ये आला आणि श्रीनगरच्या थंडीत टीआरसी मैदान भरून वाहू लागलं. खालून नवी नवी गावं नकाशावर येत होती आणि वरची लीग त्यांना बंद होती. मार्च २०१९ मध्ये आय-लीगच्या क्लबांनी सुपर कप या दोन्ही लीगच्या संघांच्या चषकावर बहिष्कार टाकला, तो याच घुसमटीतून.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई महासंघाने तोडगा मंजूर केला. आयएसएल देशाची पहिली लीग. आय-लीगच्या २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या विजेत्यांना प्रवेशशुल्काशिवाय वर जागा, आणि २०२४-२५ पासून दोन्हीकडून चढ-उतार. मोहन बागान २०२० मध्ये एटीके या कोलकात्याच्याच आयएसएल क्लबशी एकत्र होऊन आणि ईस्ट बंगाल त्याच वर्षी आयएसएलमध्ये गेल्यावर आय-लीगचा प्रेक्षकवर्ग एकदम रोडावला. गोकुलम केरळाने २०२०-२१ आणि २०२१-२२ असं सलग दोनदा विजेतेपद राखलं, पण ते वर जाण्यासाठी एक वर्ष आधी आले. आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या पायरीची झाली ती २०२२-२३ पासून. त्या वर्षीचा राउंडग्लास पंजाब हा खेळून वर गेलेला पहिला क्लब. पुढच्या वर्षी १८९१ सालचा मोहम्मेडन स्पोर्टिंग. तेरा संघांची आयएसएल झाली. वर जायचं दार उघडलं होतं, पण वरून कोणी खाली आलं नाही. एकाच बाजूने उघडणाऱ्या दारामुळे वरची लीग फुगत जाते आणि तळाच्या संघांना घाबरायचं कारण उरत नाही. चढ-उताराचं वचन पाळलं गेलं नाही, हे स्पष्ट बोलायलाच हवं.

२०२४-२५ चा मोसम तर मैदानावर संपलाच नाही. एप्रिलमध्ये शेवटची फेरी झाली तेव्हा गुणतक्त्यात चर्चिल ब्रदर्स वर होते, पण इंटर काशीच्या गुणांचा वाद चालू होता. महासंघाच्या अपील समितीने चर्चिलला विजेता ठरवलं. इंटर काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेला आणि १८ जुलैला निकाल फिरला, विजेतेपद काशीकडे. दरम्यान आयएमजी-रिलायन्सशी झालेला पंधरा वर्षांचा तो करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, त्याच्या नूतनीकरणाचा पत्ता नव्हता, म्हणून जुलैतच आयएसएलचा पुढचा मोसम थांबवला गेला. म्हणजे खालचा विजेता कोण हे ठरलं त्याच महिन्यात तो जिथे जाणार ती लीग होणार की नाही हेच कळेनासं झालं.

आता खालच्या पायऱ्यांकडे येतो, कारण आमच्या पोरांचा संबंध तिथेच सुरू होतो. आय-लीग दुसरी झाल्यावर जुन्या दुसऱ्या विभागाचं नाव आय-लीग २ पडलं, ती तिसरी पायरी. २०२३ मध्ये तिच्याखाली आय-लीग ३ आली, तिथे राज्य संघटनांनी पाठवलेले क्लब खेळतात. नावातला आकडा आणि पायरीचा क्रमांक जुळत नाही, तेव्हा गोंधळून जाऊ नका. ही शिडी मात्र खरी आहे. पाच वेळा देशाचा विजेता झालेला डेम्पो आय-लीग २ मधून रीतसर चढून २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. उलट मुंबईचा केंकरे एफसी २०२२-२३ मध्ये खाली गेला, आणि पुढचे दोन मोसम आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. खानदेशचा तर तिथे कधीच नव्हता.

म्हणून आमच्याकडे चाचणी म्हटली की पुणे किंवा मुंबई. पुण्याला जायचं तर महाराष्ट्र एक्सप्रेस, रात्रभर प्रवास. पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा, बूट वेगळ्या पिशवीत, कारण ते ओले असतात. एकदा चार पोरांना घेऊन गेलो होतो. पहाटे उतरून थेट मैदानावर. तिथे कृत्रिम हिरवळ होती. आमची पोरं पहिली दहा मिनिटं चाचपडत राहिली. बॉल त्यांच्या अंदाजापेक्षा खाली राहायचा, आणि भेगेवरून तो उसळेल म्हणून ती आधीच पाय वर घ्यायची. नंतर जमलं, पण प्रत्येकाला वीसच मिनिटं मिळाली होती. निवड झाली नाही. परतताना मनमाडला चहा घेताना एकजण म्हणाला, "भाऊ, हवेतला बॉल त्यांना घेता येत नव्हता, पाह्यलं का?" मी पाहिलं होतं.

त्या पोराचं नाव आता जिल्ह्याच्या नोंदणीत आहे. दुसरी लीग कोणती हे विचारणाऱ्याचंही पावसाळ्याआधी नोंदवायचंय. अर्जाला जन्मदाखला लागतो, आणि त्याच्या दाखल्यावर आडनाव चुकलंय. ते दुरुस्त करायला येत्या सोमवारी त्याच्या वडिलांबरोबर नगरपालिकेत जायचं ठरलंय.