जाळीमागचे दोन स्काउट: एक पोरगा हेरतो, दुसरा संघ

अमेरिकेत शाळांच्या बेसबॉलचा मोसम सुरू झाला, की होम प्लेटच्या (जिथे उभं राहून बॅटर खेळतो आणि जिथे परत आला की धाव होते) मागे जाळीला लागून काही अनोळखी माणसं बसलेली दिसतात. मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच, एखाद्याकडे चेंडूचा वेग मोजणारी रडार गन. पालकांच्या बाकांवर लगेच कुजबुज सुरू होते, ‘स्काउट आलाय!’ ज्यांची मुलं तिथल्या शाळांतून खेळतात, त्या आपल्या मराठी घरांतही हा शब्द ऐकला की आशा पालवते. पण जाळीमागचा प्रत्येक स्काउट मुलाचं भविष्य बघायला आलेला नसतो. त्यातला एखादा पुढच्या शुक्रवारी याच मुलाला बाद कसं करायचं, हे लिहून न्यायला आलेला असतो.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं, तर पहिला निवड समितीचा माणूस आणि दुसरा समोरच्या संघाचा व्हिडिओ विश्लेषक. दोघं एकच सामना बघतात, पण एकाची वही दुसऱ्याच्या फारशी कामाची नसते.

गुणी खेळाडू हेरणारा स्काउट मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या 30 संघांपैकी एखाद्याचा पगारी किंवा अर्धवेळ माणूस असतो. त्याला एक भूभाग वाटून दिलेला असतो आणि मोसमभर तो गाडीने शाळा पालथ्या घालत असतो. दर वर्षी होणाऱ्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत (ही पद्धत 1965 पासून आहे, आणि 2021 पासून त्यात 20 फेऱ्या असतात) आपल्या संघाने कुणाला घ्यावं, याची शिफारस त्याला करायची असते. म्हणून त्याची नजर आजच्या धावफलकावर नसते. सतरा वर्षांचा हा मुलगा चोविसाव्या वर्षी कसा असेल, हा त्याचा प्रश्न. खांदे भरतील का? मनगटात चपळाई आहे का? बॅट फिरवताना शरीर आडवं येतंय की मोकळं सुटतंय? आई-वडिलांच्या उंचीवरही तो नजर टाकून घेतो, कारण मुलाची वाढ अजून बाकी आहे. फटका, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण अशा पाच अंगांना तो 20 ते 80 अशा पट्टीवर गुण देतो. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. बहुतेक रकान्यांत दोन आकडे असतात, एक आजचा आणि एक पुढचा. पुढच्या आकड्यावरच त्याची नोकरी टिकते.

या नजरेचं अगदी टोकाचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 2008 मध्ये भारतभर रडार गन घेऊन एक स्पर्धा झाली आणि उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, त्यातून निवडले गेले. दोघांनी बेसबॉल कधी खेळलेलाच नव्हता. त्याच वर्षी मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. खेळ येत नसलेल्या मुलाला निवडणं हे गुण हेरणाऱ्याच्या चौकटीत बसतं. प्रतिस्पर्धी संघाचा अभ्यास करणाऱ्याला असल्या मुलाचा काहीच उपयोग नसतो.

हा दुसरा माणूस म्हणजे बहुधा समोरच्या शाळेचा सहायक कोच किंवा ज्युनिअर संघाचा कोच. त्याला या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत. तो वेळेआधी येतो, कारण सरावाच्या फेकींतच कळतं की उजव्या कोपऱ्यातल्या क्षेत्ररक्षकाचा हात कमजोर आहे. त्याच्याकडे चेंडू गेला की दुसऱ्या बेसवरच्या धावपटूला बिनधास्त होम प्लेटकडे पळवायचं. मग प्रत्येक बॅटरसाठी मैदानाचा एक छोटा पंखा काढून तो चेंडू कुठे गेला याच्या रेघा मारत बसतो. चौथ्या क्रमांकाचा मुलगा सगळं डावीकडेच ओढतोय? आठव्या क्रमांकाचा पहिल्या चेंडूला कधीच बॅट लावत नाही? पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) दोन चेंडू ‘बॉल’, म्हणजे बाहेरचे ठरून तो मागे पडला, की फास्टबॉलच टाकतो का? पहिल्या बेसवर धावपटू असताना एकदाच वळून बघतो आणि मग हमखास प्लेटकडेच फेकतो का? ही शेवटची सवय सापडली, तर बेस चोरण्याचं, म्हणजे फटका न लागताच पुढच्या बेसवर पळण्याचं अर्धं काम झालं.

आता पिचरच्या चेंडूंचा हिशेब बघा. माझ्या मते शालेय स्तरावर सगळ्यांत मोलाची माहिती हीच, आणि गुण हेरणारा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मुलांचे खांदे-कोपर जपण्यासाठी अमेरिकेत 2017 पासून प्रत्येक राज्याच्या शालेय संघटनेला चेंडूंच्या संख्येवर मर्यादा ठेवावी लागते. टेक्सासमध्ये मुख्य शालेय संघाच्या पिचरला एका दिवसात जास्तीत जास्त 110 चेंडू टाकता येतात. त्यातही 46 ते 65 चेंडू टाकले तर दोन दिवस विश्रांती, 66 ते 85 टाकले तर तीन, आणि त्यापुढे चार. तिथे जिल्ह्यातले सामने बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी असतात. म्हणजे मंगळवारी मुख्य पिचरला 65 चेंडूंवर थांबवलं, तर बुधवार-गुरुवार आराम करून तो शुक्रवारी पुन्हा उभा राहू शकतो. सहासष्टावा चेंडू हातातून सुटला, की शुक्रवार गेला. मंगळवारी वही घेऊन बसलेला समोरचा कोच शेवटच्या दोन इनिंग कशासाठी श्वास रोखून बघत असतो, हे यावरून कळेल. शुक्रवारी आपल्यापुढे कोण येणार, हे तो तिथेच मोजून निघतो. गुण हेरणाऱ्याला फक्त तो पिचर कोणत्या दिवशी टाकणार एवढंच हवं असतं, आणि ते तो कोचला फोन करून विचारतो.

स्टॉपवॉच मात्र दोघांकडेही असतं, आणि बघणाऱ्यांचा घोळ होतो तो इथेच. दोन इनिंगच्या मध्ये कॅचर (होम प्लेटमागे चेंडू झेलणारा) दुसऱ्या बेसवर सरावाची फेक करतो. त्याच्या हातमोज्यापासून दुसऱ्या बेसवरच्या हातमोज्यापर्यंत चेंडूला 2.1 सेकंद लागले, असं धरू. पहिला स्काउट हा आकडा लिहून त्यावरून कॅचरच्या हाताला गुण देतो आणि पान उलटतो. दुसऱ्यासाठी तो आकडा एकटा अपुरा आहे. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरपर्यंत पोचायला 1.5 सेकंद लागतात, हेही त्याने मोजलेलं असतं. बेरीज 3.6. आपला वेगवान धावपटू दुसरा बेस 3.5 सेकंदांत गाठत असेल, तर शुक्रवारी त्याला पळवायचं. याच कॅचरपुढे 1.3 सेकंदांत चेंडू पोचवणारा पिचर आला, की बेरीज 3.4 होते आणि तोच धावपटू बाद. कॅचर चांगला की वाईट, हा प्रश्नच त्याच्या वहीत नाही.

या दोन नजरा एकाच मुलावर पडल्या की काय होतं, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण जपानमधलं आहे. 16 ऑगस्ट 1992, कोशिएन मैदानावरची उन्हाळी राष्ट्रीय शालेय स्पर्धा. इशिकावाच्या सेइर्यो शाळेकडून हिदेकी मात्सुई खेळत होता. समोर होती कोचीची मेइतोकु गिजुकु. त्यांनी सामन्याआधीच ठरवलं होतं की मात्सुईला खेळू द्यायचंच नाही. पाच वेळा तो बॅट घेऊन आला आणि पाचही वेळा चार-चार चेंडू मुद्दाम बाहेर टाकून त्याला पहिल्या बेसवर पाठवलं. सातव्या इनिंगमध्ये बेसवर एकही धावपटू नव्हता, तरीसुद्धा. नवव्या इनिंगमध्ये पाचव्यांदा तेच झाल्यावर प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्या. मेइतोकु 3-2 ने जिंकली.

यावर जपानमध्ये अनेक वर्षं वाद चालला. मला विचाराल तर तो निर्णय कोरडा होता, पण वहीशी प्रामाणिक होता. या मुलाला टाळलं आणि त्याच्यामागून येणाऱ्याला रोखलं, तर आपण जिंकू, असं अभ्यास सांगत होता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला एकदाही बॅट फिरवू न देणं मनाला लागतं, तेही खरं. गुण हेरणाऱ्यांचं मत मात्र त्या दिवसाने तसूभर हललं नाही. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये चार व्यावसायिक संघांनी मात्सुईवर हक्क सांगितला, चिठ्ठी योमिउरी जायंट्सच्या नावाने निघाली, आणि 2009 मध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून खेळताना तो वर्ल्ड सिरीज या मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अमेरिकेत माइक ट्राउटच्या बाबतीत उलटा प्रकार घडला. न्यू जर्सीतल्या मिलव्हिल शाळेकडून खेळताना राज्याच्या बाद फेरीत समोरच्या संघाने तिन्ही बेस भरलेले असताना त्याला मुद्दाम पहिला बेस दिला. म्हणजे एक धाव आपण होऊन बहाल केली, पण त्याला फटका मारू दिला नाही. शुक्रवारपुरतं बघणाऱ्यांना हा मुलगा काय आहे हे नीट कळलं होतं. चोविसाव्या वर्षाचं बघणारे मात्र कचरत होते. 2009 च्या ड्राफ्टमध्ये तो पंचविसावा निवडला गेला. ज्या एंजल्स संघाने त्याला घेतलं, त्यांनीही चोविसाव्या क्रमांकावर आधी रँडल ग्रिचकला घेतलं होतं. ट्राउट पुढे तीनदा लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

शाळांच्या कोचना म्हणून एक आग्रहाने सांगावंसं वाटतं. समोरच्या संघाचा अभ्यास करायला पाठवलेला माणूस ‘पिचर जबरदस्त आहे, ताशी 88 मैलांनी टाकतो’ एवढंच घेऊन परतला, तर तो चुकीची वही भरून आला. 88 मैल शुक्रवारी सगळ्यांना दिसणारच आहेत. कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) टाकताना त्याचा हातमोजा थोडा जास्त उघडतो का, थकल्यावर चेंडू उंच राहतो का, ते सांगा. हल्ली गेमचेंजर ॲपवर अनेक शाळांचे सामने थेट दिसतात, त्यामुळे बरीच आकडेवारी घरबसल्या मिळते. पण पिचरची पहिल्या बेसकडची नजर कॅमेऱ्याच्या चौकटीत क्वचितच येते. त्यासाठी जाळीमागेच बसावं लागतं.

आणि मुलांना हे सांगा, की जाळीमागे रडार गन वर झाली म्हणून प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने फास्टबॉल टाकू नका. ती गन मेजर लीगच्या माणसाची असेल, तर तुमचा सगळ्यांत वेगवान चेंडू त्याला तीन-चार फेकींत दिसतो. नंतर त्याला तुमचा चेंजअप (फसवा संथ चेंडू) आणि तोल बघायचा असतो. आणि ती समोरच्या शाळेची असेल, तर वहीत एकच ओळ जाते: याच्याविरुद्ध फास्टबॉलची वाट बघा.