टर्बो गेलाय की होज फुटलाय?

बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढत होतो. पुढं उसाची ट्रॉली, मागं आरशात माझ्याच गाडीचा काळा धूर. पाय पूर्ण दाबला तरी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. अ‍ॅव्हरेज तर दोन महिन्यांपासून घसरत होतं. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब मी डायरीत लिहितो. शेवटची नोंद होती ६१० किलोमीटरला ३८ लिटर डिझेल, म्हणजे लिटरला १६. हीच गाडी वर्षापूर्वी २० द्यायची. २०१३ चं मॉडेल, १२४८ सीसीचं डिझेल इंजिन.

पहिल्या मिस्त्रीनं बोनेट न उघडताच सांगितलं, "मामा, टर्बो गेलाय. नवा टाकावा लागंल." दुसरा जरा वयस्कर होता. त्यानं टॉर्च मागितली आणि म्हणाला, "टर्बोचं नंतर बघू. आधी हवा कुठं जायली ते बघू."

आपल्याकडं जुन्या डिझेल गाडीचा दम गेला की सगळ्यालाच 'टर्बो गेला' म्हणतात. त्यात दोन वेगळे बिघाड मिसळून जातात. एकात टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, स्वतः झिजलेला असतो. दुसऱ्यात टर्बो ठणठणीत असतो, पण त्यानं दाबलेली हवा इंजिनापर्यंत पुरती पोचत नाही, कारण वाटेतला रबरी पाइप, म्हणजे होज, फुटलेला असतो. होजचं काम बहुतेक वेळा शेकड्यांत, फार तर एक-दोन हजारांत आटोपतं. टर्बोचं बिल दहा हजारांच्या पुढंच सुरू होतं.

सायलेन्सरकडं निघालेला गरम धूर टर्बोतल्या एका पंख्यावर आदळून तो फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो फिल्टरमधून हवा ओढून दाबतो. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनात जाते. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन हा प्रवास रबरी होजमधून होतो. दहा-बारा वर्षांचं रबर, त्यावर इंजिनाची धग, आतून तेलाची वाफ आणि वर आपल्याकडचा ४२ अंशांचा उन्हाळा. क्लिपखाली चीर पडते ती तिथंच.

आता अ‍ॅव्हरेज कसं पडतं ते बघा. बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या लगेच पुढं, म्हणजे टर्बोच्या अलीकडं असतो. हवा मोजली जाते आणि नंतर वाटेत गळते. ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं भरपूर हवा आली, ते त्या हिशेबानं डिझेल सोडतं. आत मात्र हवा तोकडी. अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागून निघतं. त्यात गाडी ओढत नाही म्हणून आपण पाय आणखी दाबतो, खालच्या गिअरला जास्त वेळ राहतो. नुकसान असं दोन्हीकडून होतं. गेवराईच्या सपाट रस्त्यावर सत्तरनं निवांत चाललात तर हे फारसं जाणवत नाही, कारण तिथं टर्बोला दाब द्यायचं काम कमीच असतं. घाटात, चार माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं असताना गाडी खरं बोलते.

टर्बो झिजतो तेव्हा हिशेब वेगळा, आणि त्याची पहिली खूण तेलात दिसते. दांड्याचे सील ढिले झाले की इंजिन ऑइल हवेच्या किंवा धुराच्या वाटेला लागतं. डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरची, पातळी दर हजार किलोमीटरला खाली येते, सकाळी गाडी सुरू करताना किंवा उतारावर पाय सोडून पुन्हा दाबला की निळसर धूर दिसतो, होज काढला तर आत तेल साचलेलं सापडतं. नुसता ओलसर हात लागणं वेगळं. तेलाचा पातळ थर बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत असतोच, त्यावरून टर्बोला फाशी देऊ नका. निळा धूर इंजिनाच्या रिंगांमुळंही येतो, हेही ध्यानात असू द्या.

आवाजाचा फरकही उपयोगी पडतो. फुटलेला होज पाय दाबला की 'फुस्स' किंवा 'सूंऽऽ' करतो आणि पाय सोडला की गप्प बसतो. झिजलेला टर्बो रुग्णवाहिकेच्या सायरनसारखा चढत्या सुरात ओरडतो. पंखा घराला घासत असेल तर धातूची करकर येते. काळा धूर मात्र दोघांचाही, म्हणून नुसत्या त्याच्यावरून निवाडा देणारा मिस्त्री मला पटत नाही. काही टर्बोंत हलत्या पात्या असतात, त्या काजळीनं अडकल्या तरी हीच लक्षणं दिसतात. ते साफ करून भागतं का, हे नवा टर्बो घेण्याआधी विचारा.

त्या वयस्कर मिस्त्रीची तपासणी बघण्यासारखी होती. उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू ठेवून गळती सापडत नाही, कारण तेव्हा दाबच नसतो. त्यानं इंजिन बंद ठेवलं आणि टर्बोच्या तोंडावरचा, फिल्टरकडून येणारा पाइप काढला. तिथं बसवायला त्याच्याकडं एक जुगाड होतं: पीव्हीसी पाइपचं टोपण, मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबचा वॉल्व्ह घट्ट बसवलेला. शेजारच्या पंक्चरवाल्याची नळी ओढून आणली आणि थोडी थोडी हवा सोडली. "पंधरा पीएसआयच्या वर जायचं नाही," त्यानं पोराला दोनदा बजावलं. मग ब्रशनं होजवर साबणाचं पाणी. इंटरकूलरच्या खालच्या जोडाशी, क्लिपच्या मागं, बोटाच्या पेराएवढी चीर होती, वरून अजिबात न दिसणारी. तिथं फेसाचा गजरा उमलला. थोडी हवा इंजिनाच्या आतही उतरतेच, त्यामुळं दाबाचा काटा हळूहळू खाली आला तर घाबरायचं कारण नाही. फेस कुठं येतो ते बघायचं.

तोंड उघडं होतंच, म्हणून त्यानं गार इंजिनावर टर्बोचा दांडाही हलवून दाखवला. बाजूला किंचित हलला, ते चालतं. तेलाचा थर तिथं बसावा म्हणून तेवढी जागा ठेवलेलीच असते. पुढं-मागं ओढला तर जाणवण्याइतका हलायला नको आणि पंख्याची पाती घराला टेकायला नकोत. माझा टर्बो या परीक्षेत पास झाला. नवा होज, दोन नव्या क्लिपा. पुढच्या दोन टाक्यांना साडेएकोणीसच्या आसपास पडलं.

होजची गळती तशीच ठेवली तर ती पुढं टर्बोलाच खाते. दाब पुरा करायला टर्बो जास्त वेगानं फिरत राहतो आणि झिजतो. म्हणजे वर्षभर दुर्लक्ष केलं, तर पहिल्या मिस्त्रीचं निदान शेवटी खरं ठरतं.

बाकी गोष्टींचं थोडक्यात. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणं आणि टायर गार असताना भरा. समृद्धीवर मोटारीला १२० ची मुभा आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० ऐवजी १०० नं गेलात तर तो दीडपटीच्या वर जातो. बाटलीतून टाकायची 'अ‍ॅव्हरेजची औषधं' फाटका होज शिवत नाहीत. एअर फिल्टर मात्र मी इथं जरा अट्टहासानं बदलतो. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यांवर आणि उन्हाळ्यात फुफाट्यातून जाणाऱ्या गाडीचा फिल्टर कॉम्प्रेसरनं फुंकून पुन्हा पुन्हा वापरला जातो. जोरानं फुंकताना कागदाला टाचणीएवढं भोक पडलं, तरी त्यातून जाणारी धूळ टर्बोच्या पात्यांची धार झिजवते.

आणि टर्बो खरंच गेला असेल तर जुना काढल्यावर तो हातात मागून घ्या. तेल आणणारी बारीक नळी काजळीनं तुंबलेली आहे का, तेल परत नेणारी मोकळी आहे का, हे दाखवायला सांगा. नळी तुंबलेली तशीच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही काही दिवसांचाच सोबती. सील पार गेल्यावर डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं, पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट येतो आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, चौथा किंवा पाचवा गिअर टाकायचा आणि क्लच झटक्यात सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं.