कोक ओव्हन गॅसवर बर्नर लावण्याआधी

अंबडच्या आमच्या वर्कशॉपमधून बर्नर नेणारे बरेच ग्राहक स्वतः भट्ट्या बांधतात, आणि त्यांपैकी काही भट्ट्या पोलाद कारखान्यांत बसतात. मग साइटवरून फोन येतो : "इथे कोक ओव्हन गॅस मिळतोय, तुमचा एलपीजीचा बर्नर त्यावर लावू का?" कृपया लावू नका. कारण सांगतो.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा हवेत जाळतात. कोक ओव्हनमध्ये हवा लागूच देत नाहीत. बंद कप्प्यात कोळसा सोळा ते वीस तास, हजार अंशांच्या आसपास पोचेपर्यंत तापवतात. मागे कोक, म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बनचा कडक कोळसा, उरतो, उडणारा भाग वायू होऊन वर निघतो. एक टन कोळशामागे साधारण ७०० ते ७५० किलो कोक, तीस-चाळीस किलो डांबर आणि ३०० ते ३५० घनमीटर गॅस. यातला बराचसा गॅस ओव्हन तापवायलाच परत जातो, उरलेला तुमच्या भट्टीपर्यंत येतो. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून जे गॅसचे दिवे लागले, तेही कोळशाच्याच गॅसवर. म्हणजे ही चीज जुनी आहे, पण एलपीजीवर हात बसलेल्या माणसाला ती नवीनच वाटते.

निघताना हा गॅस सातशे अंशांहून गरम आणि डांबराने भरलेला असतो. अमोनियाच्या पाण्याचे फवारे मारून तो थंड करतात, डांबर खाली बसवतात, अमोनिया आणि बेंझॉल (बेंझीनसारखी हलकी तेलं) धुऊन काढतात. त्या अमोनियापासून अमोनियम सल्फेट खत होतं. एवढं करूनही थोडं डांबर आणि नॅफ्थलीन मागे राहतंच. नॅफ्थलीन म्हणजे कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्यांचा माल. थंडीच्या रात्री पाइप गार पडला की ते आतून पांढरं साचतं, आणि सकाळी दाब कमी आल्याची तक्रार येते. म्हणून लाइनला वाफ सोडायची सोय आणि साफ करता येतील अशा जाळ्या सुरुवातीलाच ठेवा. पितळी किंवा तांब्याचं काहीही बसवू नका. उरलेला अमोनिया आणि गंधकाचा वायू या धातूंना खातात.

आता बर्नरचं. या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त हायड्रोजन असतो, पाव भाग मिथेन आणि पाच ते आठ टक्के कार्बन मोनॉक्साइड. एका घनमीटरला उष्णता मिळते ४,२०० किलोकॅलरीच्या आसपास. एक किलो एलपीजीचं काम करायला हा गॅस अडीच घनमीटरहून जास्त लागतो, तोही जेमतेम दाबावर. त्यामुळे नोझल, व्हॉल्व्ह, पाइप सगळंच मोठं लागतं.

मोठा धोका मात्र हायड्रोजनचा. त्याची ज्योत मिथेनच्या कितीतरी पट वेगाने धावते. गॅसचा वेग कमी पडला की ज्योत उलटी नोझलमध्ये शिरते. सुरुवातीच्या काळात आम्ही एका ग्राहकाला नुसतं भोक मोठं करून बर्नर दिला होता. मंद आचेवर ज्योत आत गेली आणि मिक्सर, म्हणजे बर्नरच्या आत गॅस-हवा मिसळणारा भाग, तापून लाल झाला. माणसं सुखरूप राहिली, पण ती चूक आमची होती. तेव्हापासून या गॅससाठी आम्ही गॅस आणि हवा तोंडाशीच मिसळणारा बर्नर देतो, आणि किमान किती आचेवर चालवायचा ते त्याच्या पाटीवर कोरतो. त्याखाली जाऊ नका.

एलपीजी जड, जमिनीलगत पसरतो. हा गॅस हवेच्या निम्म्याहूनही हलका, छताशी जमतो. गळतीचा सेन्सर खाली लावायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. तो वर लावा. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर वेगळा, माणसाच्या नाकाच्या उंचीवर. वासावर विसंबू नका : गॅस जितका स्वच्छ धुतलेला तितका वास कमी, विष तेवढंच. लाइन पहिल्यांदा भरताना आधी नायट्रोजनने हवा बाहेर काढा, मगच गॅस सोडा. बंद करतानाही आधी नायट्रोजन, मग हवा.

ऑर्डर देताना आम्हाला गॅसचं विश्लेषण, बर्नरजवळचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दाब, आणि डांबर-नॅफ्थलीनचं प्रमाण कळवा. हे आकडे कारखान्याच्या ऊर्जा विभागाकडे असतात, मागितले की देतात. ते हाती आल्याशिवाय आम्ही ड्रॉइंग करत नाही. भट्टी पहिल्यांदा पेटवताना आमचा माणूस साइटवर हजर राहतो. त्याचा प्रवासखर्च दरातच धरलेला आहे.